लसूणघास पोटभर देऊनही मेंढ्या गाभण राहत नाहीत : चाऱ्यात नेमके काय चुकते आहे?

शीळचा मेंढीपालक (प्रश्न)

नमस्कार.

मी कोपरखैरण्यात राहतो. शीळफाट्याच्या पलीकडे आमची वडिलोपार्जित दोन एकर जागा आहे आणि गेली चार वर्षे तेथे मी २८ मेंढ्या आणि एक पैदाशीचा मेंढा सांभाळतो. मेंढ्या माडग्याळी आणि दख्खनी अशा मिश्र रक्ताच्या असून सगळ्या जत तालुक्यातून आणलेल्या आहेत. पहिली तीन वर्षे त्या दिवसातून पाच-सहा तास मोकळ्या फिरत असत. आता आजूबाजूच्या माळावर गोदामे उभी राहिली, कुंपणे पडली आणि चरायला बाहेर नेण्यासारखी जागाच उरली नाही. त्यामुळे गेल्या एप्रिलपासून मी पूर्णपणे गोठ्यातच चारा देतो.

सध्याचा दिनक्रम असा आहे. सकाळी तुर्भ्याच्या भाजीपाला बाजारातून आणलेला कोबी-फ्लॉवरचा पाला प्रत्येकी साधारण चार किलो, दुपारी भाताचा पेंढा खातील तितका आणि संध्याकाळी घाटावरून टेम्पोने येणारी हिरवी लसूणघास प्रत्येकी दीड किलो. दाणा किंवा पेंड मी देत नाही, कारण लसूणघासात प्रथिने भरपूर असतात आणि तिच्यावर वेगळ्या खुराकाची गरज नाही, असे मला सांगण्यात आले होते. मेंढ्या दिसायला भरलेल्या आहेत, पोटे गोल आहेत, अंगावर चमक आहे.

अडचण अशी की, गेल्या वर्षी २८ पैकी २४ मेंढ्या व्यायल्या आणि त्यांत तीन जुळी झाली. या वर्षी जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मेंढा कळपात सोडला होता. आता नोव्हेंबर उजाडला आहे आणि व्यालेल्या व उघड गाभण दिसणाऱ्या मेंढ्या मिळून संख्या १३ च्या वर जात नाही. जुळे एकही नाही. मेंढा आळशी आहे असे म्हणता येणार नाही. मेंढ्या माजावर येतात, तो त्यांना भरवतो, म्हणजे त्यांच्याशी समागम करतो, पण १७-१८ दिवसांनी त्याच मेंढ्या उलटतात, म्हणजे पुन्हा माजावर येतात. काही मेंढ्या दोन-दोन वेळा उलटल्याची नोंद माझ्या वहीत आहे.

लसूणघासाच्या पानांवर पावसाळ्याच्या सुरुवातीपासून बारीक तपकिरी ठिपके येत आहेत. विक्रेत्याने सांगितले की, जनावरे ते खुशाल खातात, काही होत नाही. आणखी एक गोष्ट लिहितो, तिचा या प्रश्नाशी संबंध आहे की नाही ते मला ठाऊक नाही. कळपात ईदसाठी वाढवलेला एक खच्ची मेंढा आहे. आठवड्यापूर्वी त्याच्या खुरांना औषध लावायला त्याला आडवा पाडला, तेव्हा त्याचे सड पूर्वीपेक्षा लांब आणि सुजल्यासारखे दिसले.

रिकाम्या राहिलेल्या मेंढ्या जानेवारीत पुन्हा मेंढ्याला दाखवाव्यात, असा माझा विचार आहे. त्याआधी चाऱ्यात काय बदल करावा आणि आपल्या ठाणे परिसरात तो चारा कोठून उभा करावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त पशुवैद्य, ठाणे

नमस्कार. आपण नोंदी ठेवल्या आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. आपल्याला ज्याचा संबंध आहे की नाही असे वाटले, ते खच्ची मेंढ्याच्या सडांबद्दलचे वाक्य मला आपल्या संपूर्ण लेखनातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटते.

खच्ची केलेल्या नराच्या शरीरात स्वतःची लैंगिक संप्रेरके जवळजवळ नसतात. त्यामुळे चाऱ्यातून मादीच्या संप्रेरकासारखे काही द्रव्य पोटात जाऊ लागले, तर त्याचा परिणाम सर्वांत आधी त्याच्यावर दिसतो आणि त्याचे सड लांबतात. चराऊ कुरणात असे द्रव्य आहे का, हे पाहण्यासाठी संशोधकांनी खच्ची मेंढ्यांचे सड मोजण्याची पद्धतच वापरली आहे. म्हणजे आपल्या गोठ्यात, आपल्या नकळत, ती चाचणी होऊन गेली आहे.

हा विषय नवा नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४० च्या दशकात एका जातीच्या क्लोव्हर या शेंगवर्गीय चाऱ्याच्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्या मोठ्या प्रमाणावर वांझ राहू लागल्या, व्यायला अडू लागल्या, काहींची अंगे बाहेर येऊ लागली आणि खच्ची मेंढ्यांच्या सडांतून दूध येऊ लागले. त्याचे सविस्तर वर्णन १९४६ साली प्रसिद्ध झाले. पुढे असे सिद्ध झाले की, त्या क्लोव्हरमधले एक द्रव्य मेंढीच्या पहिल्या पोटात, म्हणजे रूमेनमध्ये, बदलून इक्वॉल नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो इस्ट्रोजेन या मादीच्या संप्रेरकासारखे काम करतो. आपल्या लसूणघासात हेच काम करणारे कुमेस्ट्रॉल असते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, नाहीतर लसूणघासावर विनाकारण दोष येईल. निरोगी, कोवळ्या लसूणघासात कुमेस्ट्रॉलचे प्रमाण अत्यल्प असते. पानांवर बुरशीचे ठिपके पडले किंवा मावा पडला की, वनस्पती स्वतःच्या संरक्षणासाठी ते द्रव्य तयार करू लागते आणि त्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. आपण ज्या तपकिरी ठिपक्यांचा उल्लेख केला आहे, ते पाने पिवळी पडून गळण्याच्या आधीची अवस्था असावी. असा चारा जनावरे आवडीने खातात, हे विक्रेत्याचे म्हणणे खरे आहे. पण मेंढीने आवडीने खाल्ले याचा अर्थ ते तिच्या गर्भाशयाला मानवले असा होत नाही. शिवाय हा चारा वाळवून दिला तर दोष निघून जाईल, असेही समजू नये.

याचा परिणाम मेंढीवर कसा होतो ते पाहा. ती माजावर येते, कारण माज पूर्ण थांबत नाही. मात्र बीजांडकोशातून सुटणाऱ्या बीजांडांची संख्या कमी होते, त्यामुळे आधी जुळी नाहीशी होतात आणि मग मेंढ्या उलटू लागतात. आपल्या वहीत हाच क्रम दिसतो. दिलासा देणारी बाब अशी की, काही आठवडे किंवा एखादा हंगाम असा चारा खाल्लेल्या मेंढ्या तो बंद केल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांत पूर्ववत होतात. वर्षानुवर्षे असा चारा मिळत राहिला, तर मात्र गर्भाशयाच्या मुखाची रचनाच बदलते, तेथे शुक्रजंतू टिकत नाहीत आणि मग ती मेंढी चारा बदलूनही सुधारत नाही. आपल्याकडे एप्रिलपासूनचा काळ आहे, म्हणून मला आशा वाटते.

आता दुसरा भाग. माझ्या मते लसूणघासाइतकाच महत्त्वाचा असा हा दोष आहे. ३५ किलो वजनाच्या मेंढीला दिवसाला साधारण सव्वा किलो कोरडा चारा, म्हणजे पाणी वजा करून उरणारा चारा, मिळायला हवा. कोबी-फ्लॉवरच्या पाल्यात ९० टक्के किंवा त्याहून जास्त पाणी असते. चार किलो पाल्यातून तिला साडेतीनशे ते चारशे ग्रॅमच कोरडा अंश मिळतो. दीड किलो हिरव्या लसूणघासातून सुमारे तीनशे ग्रॅम मिळतो. उरलेली भूक ती पेंढ्यावर भागवते आणि भाताच्या पेंढ्यात प्रथिने तीन-चार टक्क्यांच्या वर नसतात, शिवाय सिलिका भरपूर असल्याने तो पचायलाही जड असतो. पोट गोल दिसते ते पाण्याने आणि पेंढ्याने. कोबी आणि लसूणघास यांतली प्रथिने रूमेनमध्ये लगेच विरघळून त्यांचा अमोनिया होतो. तो वापरून घेण्यासाठी तेथल्या सूक्ष्मजीवांना पिष्टमय दाण्याची ऊर्जा लागते. ती ऊर्जा आपल्या चाऱ्यात जवळजवळ नाही. मग अमोनियाचे युरियात रूपांतर होते आणि रक्तातला युरिया फार वाढला की कोवळ्या गर्भाला ते वातावरण मानवत नाही.

कोबीवर्गीय पाल्याबद्दल आणखी एक सांगतो. तो सतत आणि फार प्रमाणात दिला, तर लाल रक्तपेशी फुटून मेंढ्यांना रक्तक्षय होतो आणि थायरॉइड ग्रंथीच्या कामातही अडथळा येतो. गळ्याशी गाठ असलेली अशक्त कोकरे जन्मतात, त्यामागे हेही कारण असते. एकूण कोरड्या चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त भाग कोबीवर्गाचा असू नये. बाजारातला पाला औषध फवारलेला असू शकतो, तेव्हा बाहेरची पाने काढून टाकून, पाण्याने धुऊन आणि काही तास सुकवूनच द्यावा.

एक विनंती. उद्या सकाळी प्रत्येक मेंढीच्या कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, तळहात ठेवून पाहा. लोकरीवरून नजरेने अंदाज बांधू नका. मणक्याची टोके बोटांना टोचतात की त्यांच्यावर मांसाची थोडी गादी आहे, ते लिहून कळवा.

आणि हे सर्व चाऱ्याबद्दल झाले. मेंढ्या उलटण्याची आणि गाभडण्याची कारणे संसर्गजन्यही असतात. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून रक्ताची ब्रुसेल्ला या गर्भपात घडवणाऱ्या जिवाणूसाठीची तपासणी करून घेतल्याशिवाय केवळ चाऱ्याला जबाबदार धरू नये.

गोठा-वैरण, कल्याण-शीळ रस्ता

डॉक्टरसाहेबांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. आमच्याकडे म्हशींना आणि मोजक्या शेळ्यांना गेली पंधरा वर्षे लसूणघास दिली जाते. पावसाळ्यात ठिपके त्यावरही येतात. म्हशी वेळेवर गाभण राहतात, शेळ्यांना जुळी होतात. तेव्हा दोष चाऱ्यात शोधण्याआधी एकच मेंढा २८ मेंढ्यांना पुरतो का, हे पाहायला हवे, असे मला वाटते. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उकाड्यात पत्र्याखाली राहिलेला नर जूनमध्ये काय काम करणार?

निवृत्त पशुवैद्य, ठाणे

आपली शंका योग्य आहे आणि तिचा अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे.

म्हशींबद्दलचा आपला अनुभव शास्त्राशी जुळतो. तोच चारा खाल्लेल्या गाईच्या रक्तातही ही द्रव्ये आढळतात, पण तिच्या प्रजननावर त्यांचा परिणाम मेंढीच्या मानाने पुष्कळच कमी होतो. मेंढी या बाबतीत सर्व पाळीव रवंथ करणाऱ्या प्राण्यांमध्ये नाजूक आहे. त्यामुळे म्हशीला मानवलेल्या चाऱ्यावरून मेंढीबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. मेंढ्याच्या, म्हणजे नराच्या, शुक्रजंतूंवरही या द्रव्यांचा विशेष परिणाम होत नाही.

उष्णतेबद्दल मात्र आपण बरोबर बोट ठेवले. एक शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे सात आठवडे आणि त्यानंतर पक्व होऊन बाहेर पडायला आणखी दहा-बारा दिवस लागतात. याचा अर्थ जूनच्या मध्यावर मेंढा जे काम करतो, त्याची तयारी एप्रिल-मेमध्ये झालेली असते. त्या काळात तो तापलेल्या पत्र्याखाली राहिला असेल आणि त्याला हिरवा पाला न मिळता नुसता पेंढा मिळाला असेल, तर जीवनसत्त्व अ कमी पडून शुक्रजंतू दुबळे होतात. पूर्ण वाढ झालेला एक मेंढा २५ ते ३० मेंढ्यांना पुरतो. पण त्याला भरवण्याच्या हंगामाआधी दोन महिने सावली, हिरवा पाला आणि रोज पाव ते अर्धा किलो भरडा मिळायला हवा. जानेवारीत मेंढ्या दाखवायच्या असतील, तर त्याचा खुराक आजपासून सुरू व्हावा. शक्य असल्यास त्याच्या वीर्याची तपासणीही करून घ्यावी. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात याबद्दल चौकशी करता येईल.

वाड्यावरचा, कळवा

मी नोकरीनिमित्त कळव्यात राहतो, पण माझे आजोबा आणि चुलते आजही वाड्याबरोबर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळाबरोबर, फिरतात. दिवाळी झाली की आमचा वाडा माळशेज घाटाने कोकणात उतरतो, मुरबाड-कल्याण भागात शेतकऱ्यांच्या भाताच्या मोकळ्या शेतांत मेंढरे बसवतो आणि वळिवाचे ढग दिसायच्या आत पुन्हा घाट चढतो. ठाणे परिसरात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दख्खनी मेंढीची लोकर आणि खुरे एवढे पाणी सोसू शकत नाहीत, म्हणून आमच्या लोकांनी पावसाळ्यात येथे मेंढरू कधी ठेवले नाही. तुम्ही ठेवता आहात, तर निदान लाकडी माचा करून त्यांना जमिनीपासून वर ठेवा.

चाऱ्याबद्दल मला जे सांगायचे आहे, ते पुस्तकातले नाही. कापणी झालेल्या भातशेतात मेंढरे सोडली की ती काय करतात, हे लहानपणी मी आजोबांच्या शेजारी बसून तासन् तास पाहिले आहे. मेंढी नाक जमिनीशी नेऊन आधी धसकटांच्या बुडाशी फुटलेले हिरवे कोंब वेचते, मग बांधावरचे गवत, मग वालाच्या शेताच्या कडेला गळलेला पाला, मध्येच बांधावरच्या झाडाखाली पडलेल्या शेंगा. कोठेही ती पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही. तिच्या पोटात एका दिवसात दहा-पंधरा प्रकारचा चारा जातो आणि कोणताही एक चारा पोटभर जात नाही. एखाद्या पाल्यात काही वावगे असले, तरी ते इतर चाऱ्यात विरून जाते. गव्हाणीत आपण तिला तीनच वस्तू देतो, त्याही रोज त्याच आणि मोठ्या प्रमाणात. तिची निवड आपण काढून घेतली आहे आणि म्हणूनच ती निवड करण्याची जबाबदारी आपल्यावर आली आहे, असे मला वाटते.

आणखी एक. ऊन चढल्यावर मेंढ्या चरत नाहीत. त्या गोल करून उभ्या राहतात आणि माना एकमेकींच्या पोटाखालच्या सावलीत घालतात. तुम्ही दुपारी पेंढा टाकता, तेव्हा त्यातला बराचसा पायांखाली जात असणार. पेंढा कापून, कुट्टी करून, पहाटे आणि दिवस मावळताना द्या.

माजाबद्दल आजोबा सांगत की, पहिल्या पावसानंतर कोवळे गवत हाताएवढे झाले की मेंढरे आपोआप माजावर येतात आणि ज्या वर्षी रोहिणी कोरडी गेली, त्या वर्षी कोकरांची वाघर, म्हणजे त्यांना कोंडायचे जाळीचे कुंपण, रिकामी राहते. त्यामुळे नर ते आधी मागे ठेवत आणि गवत फुटल्यावर कळपात सोडत. पावसाच्या सुरुवातीला भरलेल्या मेंढ्या कार्तिकात वितात आणि मग लहान कोकरे घोड्यांवर घालून आमचा वाडा घाट उतरतो.

तुमच्या भागात झाडपाला पुष्कळ मिळेल. शेवरी, हादगा, उंबर, आपटा आणि बोर यांचा पाला मेंढ्या खातात. सुबाभूळ द्यायचा तर मापात द्या. मी पाहिले आहे की, नुसत्या सुबाभळीवर ठेवलेल्या मेंढरांची लोकर हाताला येते. गिरिपुष्पाच्या पाल्याचा वास त्यांना सुरुवातीला नको वाटतो, पण तो अर्धा दिवस सुकवला की हळूहळू खातात. मेंढी आईबरोबर जे खायला शिकते, तेच पुढे विश्वासाने खाते. त्यामुळे तुमच्या जतच्या मेंढ्यांना कोकणातला पाला ओळखीचा व्हायला दोन-तीन आठवडे लागतील, तोपर्यंत धीर धरा. घाणेरी आणि रानमोडी मात्र कुंपणाच्या आसपासही ठेवू नका. भुकेली मेंढी घाणेरीला तोंड लावते आणि मग तिचे यकृत जाते, कान-नाकाची कातडी उन्हात सोलवटते. पाणथळ भातखाचरांच्या कडेचे ओले गवत कापून आणले, तर त्याबरोबर पर्णकृमी येतात. जंतांनी पोखरलेल्या मेंढीला तुम्ही कोणताही चारा दिला, तरी ती गाभ धरणार नाही.

शीळचा मेंढीपालक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे आज पहाटे एकेक मेंढी धरून कमरेवर हात ठेवून पाहिले आणि मला फार वाईट वाटले. जिला मी कळपातली सर्वांत धष्टपुष्ट मेंढी समजत होतो, तिच्या लोकरीखाली मणक्याची टोके बोटांना स्पष्ट टोचली. रिकाम्या १५ मेंढ्यांपैकी ११ अशाच निघाल्या. चार वर्षे रोज मी त्यांना पाहतो आहे आणि हात लावून कधी पाहिले नव्हते.

पेंढ्याची गंजीही उपसून पाहिली. खालच्या थरात काळी बुरशी होती, तो सगळा बाहेर काढला. लसूणघासाच्या जुडीतली शंभर पाने वेगळी करून पाहिली, त्यांतली ६० हून जास्त ठिपक्यांची होती. भरवायच्या मेंढ्यांसाठी लसूणघास आजपासून पूर्ण बंद केली आहे. रक्ताचे नमुने उद्या देतो आहे. मेंढ्याला सावलीच्या बाजूला हलवले.

आता दोन प्रश्न उरतात. लसूणघासाऐवजी नेमके काय आणि किती द्यावे? आणि मेंढ्या भरल्यानंतर त्यांचा खुराक आणखी वाढवावा का? माझ्या मनात तसे होते.

निवृत्त पशुवैद्य, ठाणे

हात लावून पाहिलेत, हे फार चांगले केलेत. एक ते पाच अशी श्रेणी धरली, तर टोके टोचणारी मेंढी दोनच्या खाली असते. भरवताना ती तीनच्या आसपास असावी. हे अंतर दोन-तीन आठवड्यांत भरून निघत नाही, म्हणून आपण जानेवारीच्या सुरुवातीऐवजी महिनाअखेर धरावी. तेवढ्या काळात लसूणघासाचा परिणामही ओसरलेला असेल.

आपल्या दोन एकरांपैकी पाण्याची सोय असलेल्या भागात आफ्रिकन टॉल मका आणि चवळी मिसळून पेरा. मक्यातून ऊर्जा आणि चवळीतून प्रथिने मिळतात. पेरणीपासून सुमारे दोन महिन्यांत चारा कापणीला येतो. बांधावर फुले जयवंत या संकरित नेपियर गवताची ठोंबे लावा, पण कोवळेपणी त्यात ऑक्झलेट हे अपायकारक द्रव्य जास्त असते, तेव्हा ते एकट्याने पोटभर देऊ नये. मका हाती येईपर्यंत वालाचा किंवा हरभऱ्याचा भुसा, चांगल्या पेंढ्याची कुट्टी, शेवरी-हादग्याचा पाला आणि किलोभर सुकवलेला कोबीचा पाला असे मिश्रण ठेवा. त्यासोबत आजपासून प्रत्येकी शंभर ग्रॅम मक्याचा भरडा सुरू करा. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आत असावा. पेंढा सुधारायचा असेल, तर १०० किलो पेंढ्यावर चार किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडावा आणि तो २१ दिवस हवाबंद झाकून ठेवावा. मात्र असा पेंढा गोठ्यातल्या इतर मेंढ्यांना द्या, भरवण्याच्या दिवसांतल्या मेंढ्यांना नको. कोणताही बदल दहा-पंधरा दिवसांत, थोडा थोडा करत करावा. अचानक कोवळा हिरवा चारा किंवा दाणा वाढवला, तर आंत्रविषाराने चांगली मेंढी रात्रीत जाते.

मेंढा सोडण्याच्या तीन आठवडे आधी भरडा वाढवत प्रत्येकी २०० ते २५० ग्रॅमवर न्यावा आणि मेंढा सोडल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत तेवढाच चालू ठेवावा. वाड्यावरच्यांचे आजोबा कोवळे गवत फुटल्यावर नर सोडत, त्यामागे हेच तत्त्व आहे. चढत्या पोषणावर असलेली मेंढी जास्त बीजांडे सोडते. जुळ्यांसाठी रक्तातला गुणही लागतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीचा तो गुण दख्खनी मेंढीत आणला आहे. पण तसे रक्त असलेल्या मेंढीलाही दोन कोकरे पोसायला चारा लागतोच.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. भरल्यानंतर खुराक एकदम वाढवू नये आणि एकदम तोडूही नये. भरपूर खाणाऱ्या मेंढीच्या यकृतातून रक्त वेगाने फिरते आणि गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन संप्रेरक लवकर नष्ट होते. पहिले तीन-चार आठवडे गर्भ गर्भाशयाला पक्का जोडलेला नसतो, त्या काळात मेंढी शांत, सावलीत आणि एकसारख्या चाऱ्यावर असावी. प्रवास, लोकर कातरणे, जंताचे औषध हे सगळे मेंढा सोडण्याच्या आधी उरकून घ्या. खुराक वाढवायचा तो शेवटच्या सहा आठवड्यांत, कारण कोकराची सुमारे ७० टक्के वाढ त्याच काळात होते. तेव्हा निरोगी, ठिपके नसलेली लसूणघास मिळाली, तर गाभण आणि दुभत्या मेंढ्यांना ती बेतशीर प्रमाणात द्यायला माझी हरकत नाही. वाढत्या कोकरांनाही ती चांगली. पुढे पैदाशीसाठी ठेवायच्या माद्या मात्र तिच्यापासून दूर ठेवा.

राहिले खनिज मिश्रण. गाई-म्हशींसाठीचे मिश्रण मेंढ्यांना देऊ नका. त्यात तांबे असते आणि मेंढीच्या यकृतात ते साठत जाऊन एके दिवशी विषबाधा होते. मेंढ्यांसाठीचेच मिश्रण मागून घ्या आणि पिशवीवरचे घटक वाचून पाहा.

महिनाअखेर मेंढा सोडल्यापासून १७ दिवसांनी कोण उलटले ते वहीत लिहा आणि ४५ ते ६० दिवसांच्या दरम्यान सोनोग्राफी करून घ्या. त्या खच्ची मेंढ्याचे सड आज फुटपट्टीने मोजून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. ते आखडू लागले की, मेंढ्यांच्या अंगातले द्रव्य उतरू लागले असे समजायला हरकत नाही.

शीळचा मेंढीपालक

मोजले. डावा २२ मिलिमीटर, उजवा २४. वहीत तारखेसह लिहून ठेवले आहे. मक्याचे बी आणायला शनिवारी जातो.